निवड समितीत तुम्ही असता तर?

दोस्तांनो, आज एक वेगळाच खेळ खेळू या. धावायचं नाही, घाम गाळायचा नाही. जागच्या जागी बसून खेळायचा आहे, पण डोकं मात्र चालवावं लागेल. एक कागद आणि पेन्सिल तेवढी जवळ घ्या.

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या निवड समितीत आहात. तारीख आहे २३ जून २०१६. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात एन.बी.ए.चा ‘ड्राफ्ट’ भरला आहे. ड्राफ्ट म्हणजे काय, ते आधी सांगतो. एन.बी.ए.मध्ये ३० संघ आहेत. दर वर्षी कॉलेजातून आणि परदेशातून नवे खेळाडू येतात. कोणत्या संघाने कोणाला घ्यायचं, यावरून भांडणं नकोत म्हणून संघ पाळीपाळीने एकेक नाव घेतात. दोन फेऱ्या, म्हणजे एकूण ६० नावं. गल्लीत दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडतात ना, तसंच! फरक एवढाच, की इथे करोडोंचा मामला असतो आणि शेवटी उरलेल्याला ‘चल, तू लिंबूटिंबू’ म्हणून कोणी खेळायला घेत नाही.

तुमच्यासमोर टेबलावर एक फाईल आहे. तिच्यावर नाव आहे, गॅरी पेटन, धाकटा. आता फाईल उघडा.

जमेची बाजू

वय २३. उंची सहा फूट दोन-तीन इंच. म्हणजे आपल्याकडे चांगलाच उंच, पण एन.बी.ए.मध्ये ठेंगण्यातच जमा! त्यामुळे तो ‘गार्ड’ म्हणून खेळतो. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा, पास देणारा, लांबून शॉट मारणारा खेळाडू. उंचीच्या मानाने हात मात्र चांगले लांब, आणि उडी अशी की पाहत राहावं.

आधी दोन वर्षं तो यूटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या एका छोट्या कॉलेजात शिकला. मग ओरेगन स्टेट विद्यापीठाकडून दोन वर्षं खेळला. पहिल्या वर्षी त्याने दर सामन्यात सरासरी तीन वेळा, तर दुसऱ्या वर्षी अडीच वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातातून किंवा पासमधून चेंडू पळवला. याला बास्केटबॉलमध्ये ‘स्टील’ म्हणतात. सामन्यामागे दोन स्टील केल्या तरी लोक पाठ थोपटतात, म्हणजे बघा! त्याच्या भागातल्या मोठ्या विद्यापीठांची मिळून तेव्हा जी स्पर्धा होत असे, तिच्यात २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यालाच मिळाला. शेवटच्या वर्षी सामन्यामागे १६ गुण, जवळजवळ ८ रिबाउंड आणि ५ यशस्वी पास. रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू उडी मारून पकडणं. ते खरं तर संघातल्या उंच गड्यांचं काम, पण हा गार्ड असून त्यातही पुढे.

आणखी एक गंमत. २०१६ साली ओरेगन स्टेटचा संघ देशपातळीवरच्या मुख्य स्पर्धेत पोचला, तो तब्बल २६ वर्षांनी. त्याआधी १९९० साली पोचला होता, तेव्हा त्या संघात कोण होतं माहीत आहे? थोरला गॅरी पेटन! होय, याचे वडील. ते १९९० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले आणि १९९६ साली संपूर्ण एन.बी.ए.मधले सर्वोत्तम बचावपटू ठरले. लोक त्यांना ‘द ग्लव्ह’ म्हणजे हातमोजा म्हणत. हाताला मोजा जसा चिकटून बसतो, तसे ते समोरच्याला चिकटत!

काय, लिहिताय ना नाव कागदावर? थांबा, फाईलची दुसरी बाजू अजून बघायची आहे.

उणी बाजू

बास्केटबॉलच्या मैदानावर एक मोठी कमान आखलेली असते. तिच्या बाहेरून बास्केट केली, की दोनाऐवजी तीन गुण मिळतात. धाकट्या पेटनचे असे दहा शॉट मोजले, तर जेमतेम तीन आत जात. त्या वेळी कॉलेजच्या मैदानावर ही कमान बास्केटपासून २० फूट ९ इंचांवर होती. एन.बी.ए.मध्ये ती समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे आणि कोपऱ्यात २२ फुटांवर. जवळून ज्याला जमत नाही, त्याला लांबून कसं जमणार? फ्री थ्रो तर समोर कोणीही आडवं नसताना मारायचा असतो. त्यातही त्याचे तीनातले दोनच आत जात.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय एवढं? तो बचाव करेल, शॉट दुसरे मारतील!” इथेच खरी मेख आहे. ज्याला लांबून नेम धरता येत नाही, त्याच्याकडे प्रतिस्पर्धी लक्षच देत नाहीत. त्याच्यावर नेमलेला गडी त्याला मोकळा सोडतो आणि सरळ बास्केटखाली जाऊन उभा राहतो. मग तुमचा उत्तम खेळाडू चेंडू घेऊन आत घुसायला निघाला, की त्याच्यासमोर एकाऐवजी दोघं! म्हणजे एका चांगल्या बचावपटूपायी तुमचे पाच गडी चारांसारखे होतात. एका टोकाला वाचवलेले गुण दुसऱ्या टोकाला गळून जातात. गळक्या बादलीने पाणी भरण्यासारखंच की!

शिवाय स्टीलचा आकडा फसवाही असतो. चेंडू पळवायला जो झेप घेतो, तो आपली जागा सोडतो. झेप साधली तर टाळ्या. हुकली तर समोरचा मोकळा सुटतो आणि मागे उरलेले चौघं गडबडतात. सामन्यानंतर छापून येणाऱ्या तक्त्यात साधलेल्या झेपा असतात, हुकलेल्या नसतात. म्हणून जाणता निवडकर्ता आकड्यांवर थांबत नाही. तो सामना बघतो, आणि बघताना चेंडूकडे न बघता बचावपटूच्या पायांकडे बघतो. हा चेंडूवाल्याच्या समोर राहतो का? वाटेत दुसऱ्या गड्याने आडोसा उभा केला, तर त्याला वळसा घालून पुन्हा आपल्या माणसाला गाठतो का? चेंडू पलीकडे असताना हा झोपा काढतो, की मदतीला धावायच्या तयारीत असतो? आणि हे सगळं करताना फाउल किती करतो?

शेवटचा प्रश्न वयाचा. ड्राफ्टमध्ये पहिल्याच नावांत येणारी मुलं एकोणीस-वीस वर्षांची असतात. हा तेवीसचा. निवडकर्त्यांचा हिशेब असा, की लहान मूल अजून शिकेल, पण तेविसाव्या वर्षापर्यंत नेम सुधारला नाही तो आता काय सुधारणार?

तर दोस्तांनो, फाईल मिटा. आता कागदावर ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहा. पुढचं वाचायच्या आधी लिहा हं, लबाडी नको!

काय झालं?

त्या रात्री ६० नावं पुकारली गेली. धाकट्या पेटनचं नाव त्यांत नव्हतं. तीस संघ, प्रत्येकाकडे अनुभवी परीक्षक, आणि एकानेही त्याला घेतलं नाही.

तुम्ही लगेच म्हणाल, “मूर्खच होते सगळे!” तसं नाही. दोन वर्षं मागे जाऊ. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ॲरन क्राफ्ट नावाचा एक गार्ड होता. ओहायो स्टेट विद्यापीठाचा. समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, असा त्याचा बचाव. त्यालाही त्याच्या विभागाचा सर्वोत्तम बचावपटूचा मान दोनदा मिळाला होता, २०१२ आणि २०१४ मध्ये. त्याचाही नेम बेताचा, आणि त्यालाही कोणी निवडलं नाही. पुढे एन.बी.ए.च्या खालच्या ‘डेव्हलपमेंट लीग’मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू ठरला, युरोपात खेळला, पण एन.बी.ए.च्या हंगामातला एकही सामना त्याला मिळाला नाही. अभ्यासात तो पहिल्यापासून हुशार. २०२० साली खेळातून निवृत्त होऊन त्याने वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली. म्हणजे कागदावरचा ‘नाही’ काही वेळा बरोबरही ठरतो. आणि क्राफ्टकडे बघा, ‘नाही’ आल्यावर त्याचं काही अडलं का?

आता उलटं उदाहरण. त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ओक्लाहोमा स्टेटचा मार्कस स्मार्ट हाही बचावासाठीच गाजलेला गार्ड होता. लांबचा नेम त्याचाही कच्चा. पण तो वीस वर्षांचा होता, अंगाने दणकट होता आणि आपल्यापेक्षा बऱ्याच उंच माणसालाही अडवू शकत होता. बोस्टन सेल्टिक्स संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. २०२२ साली तो एन.बी.ए.चा सर्वोत्तम बचावपटू झाला. हा मान एखाद्या गार्डला मिळाला, तो १९९६ नंतर प्रथमच. १९९६ साली कोणाला मिळाला होता? बरोब्बर, थोरल्या पेटनला! २०२२ चं बक्षीस स्मार्टला द्यायला तेच आले होते.

मधली २६ वर्षं हा मान उंचापुऱ्या गड्यांनाच मिळत राहिला, त्याचं कारण सोपं आहे. बास्केटखाली उभा राहणारा सात फुटी माणूस सगळ्या संघाची राखण करतो. गार्ड एकट्या-दुकट्याला अडवतो. त्यातच २००४ पासून समोरच्याला हाताने रेटून अडवण्याचा नियम कडक झाला. हात बांधले गेले, आता पायांनीच अडवायचं! गार्डचं काम आणखी अवघड झालं. आणि अवघड झालं म्हणूनच ज्याला ते जमतं त्याची किंमत वाढली.

दहा दिवसांची नोकरी

आता आपल्या धाकट्या पेटनकडे परत येऊ. २०१६ नंतर पाच वर्षं त्याची नुसती वणवण चालली होती. मिलवॉकी, लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन. एका संघाने घ्यावं, थोडं खेळवावं आणि सोडावं. मधल्या काळात खालच्या लीगमध्ये खेळायचं. २०२१ मध्ये तिथे तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्यानंतर एप्रिलमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स या कॅलिफोर्नियातल्या संघाने त्याला बोलावलं. किती दिवसांसाठी? दहा! एन.बी.ए.मध्ये असा दहा दिवसांचा करार असतो. आवडला तर ठेवतात, नाहीतर रामराम.

वॉरियर्सने त्याला ठेवलं खरं, पण ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर पुन्हा काढलं. संघात पंधरा जागा, आणि पंधरावी जागा कोणाला द्यायची ते ठरत नव्हतं. तेव्हा या गड्याने काय विचारलं असेल? “व्हिडिओ विभागात एखादी नोकरी आहे का?” खेळायला नाही मिळालं, तर निदान सामन्यांच्या चित्रफिती कापून-जोडून देईन, पण या संघाजवळ राहीन, असा त्यामागचा विचार होता. काही दिवसांतच ती पंधरावी जागा त्याला मिळाली.

आणि मग गंमत झाली. तोपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारत होते: ‘हा गार्ड आहे, मग हा गार्डसारखा शॉट का मारत नाही?’ वॉरियर्सनी प्रश्नच बदलला: ‘याला काय काय येतं?’ उडी येते, धावता येतं, योग्य वेळी मोकळ्या जागेत शिरता येतं. मग त्यांनी त्याला हल्ल्याच्या वेळी गार्डसारखं खेळवलंच नाही. सहा फूट दोन इंचांच्या माणसाला त्यांनी सात फुटी गड्याचं काम दिलं! स्टीफन करी हा त्यांचा जगप्रसिद्ध नेमबाज. पेटनने त्याच्यासाठी आडोसा उभा करायचा, प्रतिस्पर्धी करीकडे धावले की आपण बास्केटकडे सुटायचं, पास घ्यायचा आणि उडी मारून चेंडू आत घालायचा. बाकी वेळ कोपऱ्यात उभं राहायचं, जिथे तीन गुणांची रेघ सर्वांत जवळ आहे. त्याला मोकळा सोडून बास्केटखाली जाणाऱ्यांची आता पंचाईत झाली. याच्यावर लक्ष ठेवावं तर करी सुटतो, करीवर ठेवावं तर हा!

२०२१-२२ च्या त्या हंगामात तो ७१ सामने खेळला. त्याच्या दर दहा शॉटपैकी सहाहून जास्त आत गेले. आणि ज्या तीन गुणांच्या शॉटवरून सगळं अडलं होतं, ते शंभरात जवळजवळ ३६ आत जाऊ लागले. तेविसाव्या वर्षी कच्चा असलेला नेम एकोणतिसाव्या वर्षी सुधारला होता!

पुढचं तर सिनेमात शोभेल असं आहे. मे २०२२ मध्ये बाद फेरीत मेम्फिसविरुद्ध उडी मारताना तो पडला आणि त्याचं कोपर मोडलं. महिन्याभराने, अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात, तो परत मैदानावर उतरला. समोर संघ कोणता? बोस्टन सेल्टिक्स, म्हणजे मार्कस स्मार्टचा! एकीकडे सहाव्या क्रमांकाचा आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला, दुसरीकडे कोणीच न निवडलेला. पाचव्या सामन्यात धाकट्या पेटनने १५ गुण केले. वॉरियर्सनी फेरी ४-२ अशी जिंकली. थोरल्या पेटनने २००६ साली मायामीकडून विजेतेपद मिळवलं होतं, आता धाकट्यानेही मिळवलं.

आणि एवढंच नाही. २०१६ च्या त्या रात्री न निवडलेल्यांत आणखी दोन गार्ड होते. फ्रेड व्हॅनव्लीट २०१९ मध्ये टोरॉंटोकडून विजेता झाला. ॲलेक्स करूसो हाही बचावासाठीच नावाजलेला. तो २०२० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडून आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीकडून विजेता झाला. २०२५ मध्ये डेन्व्हरविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात करूसोला कोणाला अडवायला पाठवलं असेल? निकोला योकिचला! हा जवळजवळ सात फुटांचा, आणि करूसो साडेसहा फुटांच्या आत. पण योकिचकडे चेंडू पोचूच द्यायचा नाही, ही त्याची युक्ती. ओक्लाहोमाने सामना १२५-९३ असा जिंकला.

मग बरोबर उत्तर कोणतं?

तुमच्या कागदावर ‘नाही’ असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तीस संघांचंही तेच उत्तर होतं, आणि त्या दिवशी फाईलमध्ये जे होतं त्यावरून ते फारसं चुकीचंही नव्हतं. ‘होय’ असेल तर शाबास! पण का ‘होय’ लिहिलं, ते स्वतःला विचारा. नुसतं वडिलांचं नाव बघून लिहिलं असेल तर तो अंदाज, पारख नव्हे.

मला वाटतं, निवडकर्त्यांचं एक गणित राहून गेलं. त्यांनी विचारलं, ‘याच्यात काय कमी आहे?’ हे विचारायलाच हवं. पण जोडीला विचारायला हवं होतं, ‘याच्यात जे आहे, ते इतरांत किती दुर्मिळ आहे? आणि कोणत्या संघात, कोणाच्या शेजारी उभं केलं तर याची उणीव झाकली जाईल?’ पेटनशेजारी करी होता म्हणून जमलं. दुसऱ्या एखाद्या संघात कदाचित जमलंही नसतं. खेळाडूची किंमत एकट्याची नसते, शेजाऱ्यासकट असते.

आईबाबांनाही इथे दोन शब्द सांगतो. धाकट्या पेटनला लहानपणी डिस्लेक्सिया होता. अक्षरं वाचताना अडखळायला होतं, तो त्रास. त्याने हे उघडपणे सांगितलं आहे. अशा मुलांसाठी तो कामही करतो. आपल्या मुलाची प्रगतिपुस्तकातली लाल रेघ आपल्याला आधी दिसते, तशीच निवडकर्त्यांना तीन गुणांची रेघ दिसली. ती खरीच असते. पण पुस्तकाची बाकीची पानंही खरी असतात.

आणि दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण कबड्डीत कोपरा सांभाळत असतील, क्रिकेटमध्ये चौकार अडवत असतील. वर्तमानपत्रात तुमचं नाव येत नाही, कारण न झालेल्या धावा आणि न गेलेले गुण कोणी छापत नाही. म्हणून या आठवड्याचा गृहपाठ असा. शाळेत किंवा मैदानावर एखादा सामना बघताना वहीत दोन रकाने आखा. एका रकान्यात, कोणी किती गुण मिळवले. दुसऱ्यात, कोणी किती वाचवले. चेंडूकडे कमी बघा, पायांकडे जास्त. सामना संपल्यावर दोन्ही रकान्यांची बेरीज करा आणि मग ठरवा, सामनावीर कोण.

ज्याचं नाव कोणीच घेतलेलं नाही असा एखादा जण दुसऱ्या रकान्यात सापडला, तर जाऊन त्याला सांगा. त्याला ते ऐकायची सवय नसेल!

बराय तर मग, पुढच्या आठवड्यात भेटू.